पाव गोळी

सुंगट आमच्या घरी आली त्याच दिवशी मी बजावलं होतं, मांजर उंबऱ्याच्या आत येता कामा नये. आठ दिवसांत ती बाबलींच्या पोटावर झोपायला लागली. या घरात माझं न ऐकणारी ती पहिलीच.

बाबली म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी घेते. एकतीस वर्षं सरकारी नर्स होते, बायकांच्या नवऱ्यांची नावं रजिस्टरात लिहून लिहून माझी भीडच मेली. आमच्या सर्वण गावात मला लहानथोर सगळे नर्सबाय म्हणतात. सुमंगला हे नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलंय.

तर सुंगट. आमच्याकडे कोळंबीला सुंगट म्हणतात. मुलगा सिद्धेश मोपाच्या विमानतळावर नोकरीला आहे, पेडण्यात खोली घेऊन राहतो. त्याच्या खोलीमागे कुणीतरी टाकून दिलेलं हे तांबूस पिल्लू तो कापडी पिशवीत घालून बसनं घेऊन आला. झोपलं की शेपटीला नाक लावून पार वळून जायचं, म्हणून बाबलींनी नाव ठेवलं सुंगट. मी म्हटलं, देवाधर्माचं एखादं नाव ठेवा की. पण नाव तेच राहिलं.

बाबली मुळातच कमी बोलणारे. पंचवीस वर्षं खाणीवर खनिजाचा टिपर ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या, टिपर गेला, छातीत बसलेली धूळ तेवढी राहिली. चार पावलं चालले की धाप लागते. दिवसभर सोप्यावर कदेलीत, म्हणजे आमच्या जुन्या लाकडी खुर्चीत, बसून असतात. माझ्याशी दिवसाला दहा शब्द झाले तरी पुष्कळ. आणि त्या मांजराशी? मी आत तांदूळ निवडत असायची आणि बाहेरून ऐकू यायचं, "काय गो, खंय गेल्लंस? कोणाक मारून इलंस?" मग तिला टिपरच्या गोष्टी, घाटात ब्रेक निकामी झाला त्या दिवसाची गोष्ट, मेलेल्या भावाची गोष्ट. मला कधी म्हणून सांगितल्या नाहीत त्या. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, मांजराचा मत्सर वाटायचा. पुढे पुढे मीही हातातलं काम टाकून दाराआड उभी राहून ऐकायला लागले.

यंदा काजूला मोहर आला त्या सुमारास वाड्यावर एक पिसाळलेला कुत्रा फिरून गेला. एका वासराला चावला. मी त्याच दिवशी ठरवलं, सुंगटीला लस द्यायची.

"कित्याक गो त्या मुक्या जिवाक टोचतंस?" बाबली म्हणाले. "ती खंय लांब जाता?"

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला काय कळतं यातलं?"

ते गप्प बसले.

शनिवारी सकाळी स्कूटरवर आम्ही डिचोलीला गेलो. स्कूटर मीच चालवते. बाबली मागे, मांडीवर टोपली, टोपलीत ती. गुरामांजरांची डॉक्टरीण गौरवी म्हणून आहे, वय अठ्ठावीस असेल नसेल, मूळची पेडण्याची. हात हलका आहे तिचा, हे मी कबूल करते. सुंगटीला सुई कळलीसुद्धा नाही.

"मावशी, आज थोडा ताप येईल, मलूल राहील," ती म्हणाली. "तोंड सुजलं किंवा धाप लागली तर लगेच घेऊन या. आणि एक लक्षात ठेवा, घरातली..."

"मला माहीत आहे गो," मी म्हटलं. "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी लशी टोचतेय. तुलाही कदाचित मीच टोचली असेन."

ती हसली. मागे माणसं खोळंबली होती. आम्ही निघालो.

संध्याकाळी सुंगटीचे कान तापले. बांगड्याचा तुकडा नाकाशी धरला तर तोंड फिरवलं. बाबलींच्या पोटावर न जाता कोपऱ्यात गारगार जमिनीवर पसरली. बाबली दर पाच मिनिटांनी वाकून तिच्या पाठीला हात लावत होते आणि माझ्याकडे पाहत होते.

आता माझं डोकं कसं चालतं ते सांगते. एकतीस वर्षं मी लसीची पेटी खांद्याला लावून गावोगाव फिरले. बाळ रडतं, आई त्याच्याहून जास्त रडते. तिला सांगायचं, घाबरू नको, लस लागली की ताप येणारच, तापाची पाव गोळी पाण्यात विरघळवून दे, अंगावर ओला फडका ठेव, उद्या खेळायला लागेल. हे मी किती हजार वेळा सांगितलं असेल, देव जाणे. आणि सांगितलं तसंच व्हायचं. दुसऱ्या दिवशी पोर खेळायचं आणि आई रस्त्यात भेटली की हात जोडायची.

म्हणून मी डब्यातून तापाची गोळी काढली. मोडून पाव केली, चमच्यात पाण्यात कालवली, बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरली.

"तिला धरा," मी म्हटलं.

बाबलींनी तिला मांडीवर घेतलं. एका हातानं मान धरली, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी जबडा उघडला. ती कधी नखं न काढणारी, तिनं त्यांच्या मनगटावर भला मोठा ओरखडा काढला. तोंडाला फेस आणला, अर्धं औषध बाहेर. "घे गो बाय, तुझ्याच बऱ्यासाठी," ते म्हणत होते. "नर्सबाय सांगता मगे."

रविवारी सकाळी ती आणखी मलूल वाटली. मी परत पाव गोळी केली. त्यांनी परत धरलं. या खेपेला तिनं नखंसुद्धा काढली नाहीत.

दहाच्या सुमाराला बाबलींनी हाक मारली. ते कधी ओरडत नाहीत, त्या दिवशी ओरडले. मी हातातलं टाकून धावले. सुंगटीचं तोंड सुजून वाटोळं झालं होतं, पुढचे पंजे फुगले होते, लाळ गळत होती आणि ती तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. मी तिचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी असतात मांजराच्या. तिच्या तपकिरी झाल्या होत्या, कोऱ्या चहाच्या रंगाच्या.

टोपली नको, काही नको. तुवाल्यात गुंडाळून बाबलींनी तिला छातीशी धरलं आणि मी स्कूटर अशी हाणली की वाटेतल्या माणसांनी शिव्या घातल्या असतील. डॉक्टरणीकडे रविवारीही दुपारपर्यंत उघडं असतं. बाकांवर पाचसहा माणसं होती, आमच्या वाड्यावरचे भिकाजीही कुत्र्याला घेऊन बसले होते. मी कुणाला विचारलं नाही, थेट आत घुसले.

गौरवीनं तिला टेबलावर घेतलं. हिरड्या पाहिल्या, परत पाहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, घरी हिला काही दिलंत का? कुठलंही औषध?"

तो प्रश्न मला ओळखीचा होता. मी स्वतः तो हजारदा विचारलाय. तापानं फणफणलेलं पोर घेऊन बाई आली की मी कमरेवर हात ठेवून विचारायची, घरी काय दिलंस, खरं सांग. ज्या अडाणी बाईनं काहीतरी उपद्व्याप करून ठेवलाय तिला विचारतात तो प्रश्न. आणि ही कालची पोर मला, नर्सबायला, तो विचारत होती! माझं डोकंच फिरलं.

"मी काय अडाणी वाटले तुला?" मी बाहेर ऐकू जाईल अशी कडाडले. "एकतीस वर्षं नोकरी केलीय मी! काही दिलेलं नाही. काल धडधाकट जनावर आणलं होतं तुझ्याकडे, तुझ्या इंजेक्शनानं हे असं झालंय. मला काय विचारतेस? तू काय टोचलंस ते बघ!"

बाबली टेबलापाशीच उभे होते. त्यांचा हात सुंगटीच्या पाठीवर होता.

गौरवीचा चेहरा उतरला. "तुम्ही म्हणता तर प्रश्नच नाही," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः नर्स आहात." आणि तिनं धावपळ सुरू केली. दोन इंजेक्शनं दिली, नाकाशी ऑक्सिजनची नळी धरली. बाहेर थांबलेल्यांना तिनं सांगून टाकलं, आज तपासता येणार नाही.

खोटं बोलले मी. तेव्हा ते खोटं वाटलं नाही एवढंच. तापाची गोळी म्हणजे काय औषध? ती घरात मिठाच्या डब्याशेजारी असते. असं मी स्वतःला सांगितलं, पण सांगावं लागलं, यातच सगळं आलं.

दोन वाजता बाबलींना आतल्या औषधांच्या वासानं धाप लागली. मी त्यांना बाहेर बाकावर नेऊन बसवलं. मी परत आत गेले तोवर सुंगट गेली होती. गौरवीनं नळी बाजूला ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मला ते तेव्हा ढोंग वाटलं.

"मावशी, हिरड्यांचा रंग बघून मला दुसरीच शंका आली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "माणसांची तापाची गोळी मांजराला विष असते. त्यांच्या शरीराला ती पचवताच येत नाही. रक्त तपकिरी होतं, तोंड सुजतं, पंजे सुजतात. पाव गोळीसुद्धा पुरे होते. काल मी तेच सांगायला जात होते, घरातली कुठलीच गोळी देऊ नका म्हणून, पण ते राहून गेलं. त्यावर औषध आहे, वेळेत कळलं तर. म्हापशाहून तासाभरात मागवलं असतं. म्हणून विचारलं मी. पण तुम्ही काही दिलेलं नाही, म्हणजे माझ्या लसीचीच रिॲक्शन. हजारात एखाद्या जनावराला होते. ते माझ्याच हातून व्हायचं होतं. मला माफ करा."

मी तिथे उभी होते. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. मी म्हटलं, "असू दे."

बघा, माफ केलं मी तिला!

बाहेर आले तर भिकाजी कुत्र्याला धरून अजून तिथेच. "काय झालं गे नर्सबाय?"

"गेली," मी म्हटलं. "इंजेक्शनानं गेली."

बाबलींनी मान खाली घातली. घरी येईपर्यंत तुवाला छातीशी तसाच होता. परसात काजीच्या झाडाखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला. चार वेळा फावडं मारायचे, दहा मिनिटं धापा टाकत बसायचे. मी पुढे झाले तर हातानंच अडवलं. अंधार पडायच्या आत कसंबसं संपलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मीही वाढलं नाही.

मग घर असं सुनं झालं की काही विचारू नका. बाबली कदेलीत बसेनात. आतल्या खोलीत खिडकीकडे पाठ करून पडून राहायचे. मी मुद्दाम भांडीकुंडी आपटली, भात करपवला, म्हटलं, रागानं तरी एक शब्द बोलतील. नाही बोलले. सिद्धेशचा फोन आला तर ऐकून घेतलं आणि माझ्याकडे दिला. मनगटावरचा ओरखडा लाल होता. मी मलम लावायला गेले तर म्हणाले, "ऱ्हांव दी."

मी का सांगितलं नाही? पहिले दोन दिवस निव्वळ मानापायी. नर्सबायच्या हातून स्वतःचं मांजर मेलं, हे गावानं ऐकायचं? पण तिसऱ्या दिवशी त्यांना पडल्या पडल्या भिंतीकडे बघत, त्या दोन बोटांनी नुसतंच खाटेचं लाकूड चोळताना पाहिलं. जबडा त्यांनी उघडला होता. मी खरं सांगितलं तर मी सुटेन, पण हा माणूस उरलेलं आयुष्य आपल्या बोटांकडे बघत काढेल. इंजेक्शनानं गेली म्हटल्यावर निदान त्यांचे हात मोकळे राहत होते. मी स्वतःला म्हटलं, हे त्यांच्यासाठी. ते खरंही होतं. पण त्यात माझी सोय किती होती, ते मला तेव्हा मोजायचं नव्हतं.

गावात बातमी फिरलीच. नर्सबायच्या मांजराला इंजेक्शन बाधलं. दुकानात, बसथांब्यावर, देवळाच्या पायऱ्यांवर तेच. भिकाजी मला मुद्दाम सांगायला आले, "मी कुत्र्याक टोचून नाय घेवचंय आता. तुमच्या डोळ्यांदेखत झाला, मगे काय!" डॉक्टरणीकडे सर्वणातून कुणी जाईना झालं म्हणे. मी ऐकायची आणि दुसरं काहीतरी बोलायला लागायची. आयुष्यात इतकी कमी मी कधी बोलले नव्हते.

बाराव्या दिवशी शेजारची सेजल आली. लग्न होऊन दोन वर्षं झालीत, नऊ महिन्यांची मुलगी आहे तिला. पोर कडेवर, हातात फणसाच्या भाजीचा डबा. त्या दिवशी बाबली कसे कोण जाणे सोप्यावर येऊन बसले होते. पोरगी त्यांच्या बोटाला धरून खेळायला लागली. मला जरा बरं वाटलं.

"बुधवारी नवव्या महिन्याची लस ना गो हिची?" मी विचारलं. मला न विचारता राहवतच नाही. तारखा माझ्या तोंडात असतात.

सेजल खाली बघायला लागली. "नर्सबाय, रागावू नका. यंदा नाही नेत म्हणते मी."

"नाही नेत म्हणजे?"

"घरात सगळे नको म्हणतात. मलाही भीती वाटते. तुमच्या घरात एवढं झालं. तुम्ही नर्स, तुमच्या हाताखाली होतं ते मांजर, तरी वाचलं नाही. मग माझ्या बाळाला काही झालं तर मी काय करू? थोडी मोठी होऊ दे, मग बघू."

या सेजलला, पोर पोटात असताना, मी हाताला धरून तपासणीला नेलं होतं. मी काही बोलणार, तोच बाबली बोलले. बारा दिवसांत धड एक वाक्य न बोललेला माणूस.

"न्हेव नको गो तिका," ते म्हणाले. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत होते. "सुईत काय आसता, आपणाक काय ठावक? माझी बरी होती. हसतखेळत न्हेली मी तिका."

सेजलनं मान डोलावली.

ती लस गोवराची. गोवर काय असतो ते मी पाहिलंय. सेजलनं नाही पाहिलेलं, आम्ही पेट्या वाहिल्या म्हणून. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पोराचे डोळे गेलेले पाहिलेत मी, एक तर माझ्या मांडीवर गेलंय. आणि इथं माझ्याच घरातून, माझ्याच सोप्यावरून, माझ्याच नवऱ्याच्या तोंडून हे निघत होतं. पोरगी खिदळत होती. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. बोटं आणि पोर, दोन्ही वाचवता येणार नव्हती.

"लसीनं नाही गेली ती," मी म्हटलं.

दोघं माझ्याकडे बघायला लागली.

"माझ्यामुळे गेली. मी तिला तापाची गोळी दिली. मांजराला ती विष असते, मला माहीत नव्हतं. डॉक्टरणीनं विचारलं, काही दिलंत का, तर मी तोंड वर करून नाही म्हटलं. तेव्हा हो म्हटलं असतं तर त्यावर औषध होतं. ते मिळालं असतं. त्या पोरीची काही चूक नव्हती. उलट तिनंच माझी माफी मागितली आणि मी ती घेतली." माझा आवाज फाटला. "सेजल, तू बुधवारी हिला नेशील. मी येते बरोबर. नाही नेलंस तर मी उचलून नेईन, सांगून ठेवते!"

सेजलच्या डोळ्यांना धार लागली. तिनं पोर उचललं, माझ्या दंडाला हात लावला आणि गेली. डबा तिथेच राहिला.

मी बाबलींकडे बघायचं टाळलं. वाटलं, आता ते बोटांकडे बघतील, आता विचारतील. मी त्यांच्या पायांशी खालीच बसले. "तुम्ही नुसतं धरलंत हो," मी म्हटलं. "मी सांगितलं म्हणून धरलंत. तुमच्याकडे काहीच येत नाही यातलं. सगळं माझं."

त्यांनी मनगटावरचा ओरखडा अंगठ्यानं दाबला. धाप लागल्यासारखा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"डॉक्टरणीन इचारल्यान तेव्हा मी थंयच होतंय," ते म्हणाले.

मी वर पाहिलं.

"तिणा इचारल्यान, काय दिलास काय. माझ्या तोंडार इला होता, गोळी दिली म्हणान. दोनदा दिली. रातीक आणि सकाळी." ते थांबले, श्वास घेतला. "पण तू नाय म्हणालंस. कडकडलंस. माका वाटला, तू नर्स, तुका कळता काय सांगूचा नि काय नाय. मी मधे बोललंय तर तू म्हणशी, तुमका काय कळता. म्हणान मी गप रवलंय."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

"बारा दिवस तांच मनात होता," ते म्हणाले. "ती गोळी सांगूक होयी होती काय, म्हणान. तुका इचारूचा म्हणत होतंय."

"मग विचारलं का नाही?" हेही मी चढ्या आवाजातच म्हटलं. सवय जात नाही.

सूर्य काजींच्या मागे गेला, वाड्यावर गुरं परत यायला लागली, मी उठून दिवा लावायला हवा होता. मी तिथेच बसले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "फाल्यां डॉक्टरणीकडे जावया. तिका सांगूक होया."

"मी सांगते," मी म्हटलं.

"नाय. मी सांगतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली. वाटेत एक अक्षर बोलले नाही. दवाखान्यात बाकांवर दोनच माणसं होती, पूर्वी उभं राहायला जागा नसायची. गौरवी आतून आली. आम्हाला पाहून तिचा चेहरा पडला. आता आणखी काय ऐकावं लागणार म्हणून ती दाराला धरून उभी राहिली.

बाबली पुढे झाले. मी जीभ दातांखाली धरली. माझ्या मनात सगळी वाक्यं तयार होती, नीट, क्रमानं, एकही चुकीचं नाही. मी ती गिळली.

"डॉक्टरीण बाय," ते म्हणाले, बाकांवरच्या दोघांना ऐकू जाईल असं. "तुमचा काय चुकला नाय. गोळी आमी दिली तिका. घरात. आणि तुमका सांगलाव नाय." एवढं बोलायला त्यांना मध्ये तीनदा थांबावं लागलं.

गौरवीनं पुढे होऊन त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं. ओरडली नाही. मी वाट बघत होते, ओरडावं म्हणून. तिनं समोर स्टूल ओढलं आणि हळूच विचारलं, "काका, कधी दिली होती? किती वाजता?"

तिनं त्यांना विचारलं होतं. धरलं त्यांनी होतं, दोन्ही वेळा. मिनिटामिनिटाचं सांगता आलं असतं त्यांना. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं, बोलू ना, असं विचारत.

चाळीस वर्षं ते असंच बघत आले असणार. मी कधी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.